बेंचवरच्यांचा पोवार

चंडीगडात सिग्नल तोडला की चालान फाटतंच. इथले ट्रॅफिक पोलीस सख्ख्या सासऱ्याचीही गय करत नाहीत. पण आमच्या भागात हल्ली कुणी ‘चालान कट गया’ म्हणत नाही. ‘शिक्षा मिल गई जी!’ असं म्हणतात. सेक्टर त्रेचाळीसच्या बसअड्ड्यावर विनातिकीट प्रवाशाला खाली उतरवताना कंडक्टर ओरडतो, ‘चल भई, तेरी शिक्षा हो गई!’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. तर या शहरात हा जो शिक्षणप्रसार चालू आहे तो एका मराठी माणसाने केलेला आहे, अगदी अजाणता केलेला आहे, आणि तो माणूस आमच्याच घराच्या तळमजल्यावर राहतो.

रघुनाथ पोवार. मूळचे कोल्हापूरच्या पेठेतले, डाव्या बगलेवरून पळणारे फुटबॉलपटू. खेळाडूंच्या कोट्यातून इथल्या एका सरकारी खात्यात लागले आणि इथलेच झाले. सध्या मोहालीतल्या एका वाहिनीवर फुटबॉलचं हिंदी समालोचन करतात. ‘पोवार’ हे आडनाव पंजाबी जिभेवर बसत नाही, त्यामुळे सगळे त्यांना ‘पावर साब’ म्हणतात. पोवारांना ते मनापासून आवडतं. “आमच्या बापजाद्यांस्नी सुचलं न्हाई, ते ह्या लोकांस्नी सुचलं,” असं ते म्हणतात.

मी नागपूरचा. मोहालीत एका आयटी कंपनीत आहे. नागपूरचा असल्यामुळे हिंदी माझ्या रक्तातच आहे असा माझा समज होता. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात आमचे घरमालक ग्रेवाल यांनी माझं हिंदी ऐकून ‘तुसीं साउथ दे हो?’ असं विचारलं, तेव्हा तो समज जरा मऊ पडला. पण पोवारांचं हिंदी ऐकल्यावर मला पुन्हा धीर आला. त्यांच्यापुढे मी पंडित होतो.

पोवार माणसाला नावाने हाक मारत नाहीत, गावाच्या नावाने मारतात. मी ‘नागपूर’. सकाळी गेटपाशी भेटले की, “काय नागपूर, निघालं काय हापिसला?” ग्रेवाल हे ‘लुधियाना’. माझी मुलगी इरा इथेच जन्मली, म्हणून ती ‘चंडीगड’. इराला मराठी कळतं पण ती उत्तर हिंदीत देते. तिच्या तोंडी असलेलं सगळं मराठी पोवारांकडून आलेलं आहे. शाळेत बाईंनी शाबासकी दिली तर ती घरी येऊन ‘नाद खुळा’ म्हणते आणि माझी बायको माझ्याकडे बघते.

पोवारांच्या बायकोची, मंगलवहिनींची, बोलीही तशीच अस्सल. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ बोलतात हे मी ऐकून होतो, पण प्रत्यक्ष अनुभव नव्हता. आम्ही राहायला आलो त्या दिवशी खालून घोगरा आवाज आला, “थांबा, मी येतो, चहा टाकून आलो.” मी पोवारांसाठी खुर्ची पुढे सरकवली आणि जिन्यावरून पदर सावरत वहिनी आल्या.

आता ‘शिक्षे’बद्दल. पोवारांच्या पहिल्याच मोसमात एका बचावपटूने आडवा पाय घातला, रेफरीने पेनल्टी दिली आणि पोवार कोल्हापुरी जोशात गरजले, “रेफरी ने सीधी शिक्षा दे दी!” त्यांच्या मनात होतं मराठी. ऐकणाऱ्यांना वाटलं, काय नजाकतीचा माणूस आहे, दंडाला शिक्षण म्हणतो! ती फीत फोनाफोनांवर फिरली. पोवारांना वाटलं, लोक आपल्या आवाजावर खूश आहेत. पुढे मी त्यांना खरा घोटाळा समजावून सांगितला, तर ते म्हणाले, “मग बराबरच हाय की लगा. पेनल्टी बसली की माणूस शिकतोयच.”

‘खाली’चंही तसंच. मराठीत खाली म्हणजे बूड टेकतं तिकडे, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. खेळाडू चेंडू उंच मारायला लागले की पोवार कळवळून सांगायचे, “गेंद खाली रखो! भाई, गेंद खाली रखो!” एकदा ग्रेवालांनी मला बाजूला घेऊन विचारलं, चेंडूतली हवा काढायला हे का सांगतात, हा काही नवा नियम आहे का. आणि कुणी जीव तोडून गोलकडे धावला की पोवार म्हणत, “ये चेष्टा नहीं है!” म्हणजे ही थट्टा नव्हे. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. बिचारा खेळाडू छाती फुटेस्तोवर पळतोय आणि टीव्हीवरून जाहीर होतंय की हा प्रयत्नच नव्हे.

पण पोवारांचं खरं खूळ वेगळंच होतं. ते बेंचवरच्यांची नावं घ्यायचे.

मैदानावर जे खेळतात त्यांची नावं सगळेच घेतात. पोवार बाहेर बाकावर बसलेल्या बदली खेळाडूंची नावं घ्यायचे, गावासकट, प्रत्येक सामन्यात, दोन्ही संघांची. चेंडू बाहेर गेला, कुणाला लागलं, खेळ थांबला, की यांचं सुरू. “और बेंच पर कौन-कौन बैठा है? बैठे हैं, मगर तैयार बैठे हैं!” मग एकेक नाव. ज्याला मोसमभरात मैदानाचं गवत लागलेलं नाही त्याचंसुद्धा.

बरं, हे सामन्यापुरतं असतं तर एक वेळ ठीक. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटक झालं. संपल्यावर पोवारांनी माइक ओढून घेतला आणि ज्या मुलांना काम मिळालं नव्हतं त्यांना पडद्यामागून बाहेर बोलावलं. “ह्यो चिंचवड. ह्याला सगळ्या नाटकाचं पाठांतर हाय. कुणी आजारी पडलं असतं तर ह्यो उभा ऱ्हायला असता. वाजवा टाळ्या!” ग्रेवालांच्या मुलाच्या लग्नात तर हद्द झाली. नवरा मुलगा घोडीवर बसला, वरात निघाली, आणि पोवारांनी बँडवाल्याचा माइक घेऊन मागे बांधलेल्या दुसऱ्या घोडीचे आभार मानले. पहिली बिथरली तर असावी म्हणून आणलेली घोडी ती. “खड़ी है, मगर तैयार खड़ी है!” वरातीने तिच्यापुढेही भांगडा केला.

मी एकदा विचारलं, “पोवारसाहेब, न खेळणाऱ्यांचं एवढं काय?”

“नागपूर, घरी कोण तर टीव्हीपुढं बसलेलं असतंय,” एवढंच ते म्हणाले आणि पान लावायला लागले.

गेल्या मोसमात वाहिनीवर अरोडा नावाचा नवा प्रोड्यूसर आला. दिल्लीचा, तरुण, हुशार, आणि भयंकर नम्र. असल्या नम्र माणसांची मला भीती वाटते. त्याने पोवारांना बोलावून दोन अटी घातल्या. अंतिम सामना यंदा देशभर दाखवला जाणार होता, तेव्हा समालोचन शुद्ध हिंदीत हवं, शिक्षा-बिक्षा अजिबात चालणार नाही. आणि दुसरं, बेंचवरची नावं बंद. “सर, बेंच का कोई ऑडियन्स नहीं होता,” तो म्हणाला. या दोन्हींत जमलं तर पुढच्या मोसमाचा करार, नाहीतर नमस्ते.

त्या दिवशी पोवार घरी आले ते बोलेचनात. वहिनी घाबरून वर आल्या. “भावजी, तुमी बगा काय ते. मी सकाळपासनं इचारतोय, काय सांगंनात. गुडघा गेला तवा खेळ गेला, तवाबी असंच गप बसलं हुतं. त्यो माइक हाय म्हणून उभं हाईत.”

मी खाली गेलो. पोवार बूट काढून बसले होते.

“नागपूर, मला शुद्ध हिंदी शिकवा,” ते म्हणाले. “बेंचवरनं एकदा उठलोय. परत बसायचं न्हाई.”

मग सकाळी कोपऱ्यावरच्या बागेत आमचे वर्ग सुरू झाले. मी विचारायचं, “शिक्षा?” त्यांनी सांगायचं, “दंड.” “चेष्टा?” “प्रयास.” “खाली?” “नीचे.” चूक झाली की बागेला एक फेरी, असा नियम मी मोठ्या उत्साहाने केला. पण पोवारांचा गुडघा गेलेला. त्यांनी त्यावर तोड काढली. “मी चुकलो म्हंजी शिकवणी कच्ची. तवा पळायचं तुमी.” आणि मी पळालो. बायको म्हणायला लागली की तुमचं पोट कमी झालंय. पोवारांचं हिंदी मात्र होतं तिथेच होतं. पुढे पुढे मला शंका यायला लागली की हा माणूस मुद्दाम चुकतो, कारण मी धापा टाकत पळायला लागलो की बाकावर बसून त्यांचं समालोचन चालायचं, “और नागपूर ने मोड़ लिया! साँस फूल गई है, लेकिन ये चेष्टा नहीं है!”

शेवटच्या आठवड्यात मात्र काहीतरी बदललं. ‘दंड’ यायला लागलं. ‘प्रयास’ यायला लागलं. मी आनंदून वर गेलो आणि बायकोला म्हणालो, पोवार पास होणार. बेंचच्या नावांबद्दल मी काही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे खाली पोवारांच्या खोलीत टीव्हीपुढे जमलो. ग्रेवाल सोफ्यावर, वहिनी आणि माझी बायको खाटेवर, इरा जमिनीवर. पोवार स्टेडियमवर, समालोचकांच्या खोलीत. सामना सुरू झाला आणि पोवारांचा आवाज आला. “दाहिनी ओर से उत्तम प्रयास. गेंद नीचे रखने का प्रयास. प्रयास विफल.”

व्याकरणात एक चूक नाही. आणि जीव कुठेच नाही. आकाशवाणीवरून हवामान सांगतात ना, तसं. मी शिकवलेलं सगळं बरोबर येत होतं आणि मला ते ऐकवेना. इराने मागे वळून विचारलं, “बाबा, काका की तबीयत ख़राब है क्या?”

“ओ जी, अज्ज पावर साब नूं की होया?” ग्रेवाल अस्वस्थ झाले.

खेळ थांबला, एक खेळाडू पाय धरून बसला, आणि नेहमीची ती वेळ आली. पोवारांनी घसा साफ केला. आम्ही सगळे पुढे सरकलो. पण नावं आली नाहीत. जाहिरात आली. वहिनींनी टीव्हीवरून नजर काढून भिंतीकडे वळवली.

एक-एक अशी बरोबरी होती आणि सामना संपत आला होता. तेवढ्यात गोलसमोर यजमान संघाच्या पोराला मागून कुणीतरी पाय घातला. शिट्टी वाजली. रेफरीने पेनल्टीच्या खुणेकडे बोट दाखवलं.

“और रेफरी ने...” पोवार म्हणाले आणि थांबले. “रेफरी ने...”

मी इकडे टीव्हीपुढे बसून ओठांतल्या ओठांत म्हणत होतो, दंड, पोवारसाहेब, दंड.

“...शिक्षा दे दी! सीधी शिक्षा दे दी भाई!”

ग्रेवाल सोफ्यावरून उडाले. इरा ‘नाद खुळा’ म्हणून किंचाळली. शेजारच्या घरांतूनही आरडाओरडा ऐकू आला. मैदानात दुसऱ्या संघाने रेफरीला घेरलं, वाद सुरू झाला, खेळ थांबला. आणि पोवार मोकळे सुटले. “तब तक आप लोग बेंच पर नज़र डालिए! बैठे हैं, मगर तैयार बैठे हैं!” पाहुण्या संघाची नावं झाली. यजमानांची सुरू झाली. इकडे वाद मिटला, खेळाडूने चेंडू खुणेवर ठेवला, चार पावलं मागे गेला. पोवारांची नावं संपेनात. रेफरीने शिट्टी वाजवली. खेळाडू धावला.

“और सबसे आख़िर में तीसरा गोलकीपर, मुल्लानपुर के पास के गाँव का, पूरे सीज़न में एक मिनट नहीं खेला, जरनैल सिंह! सुन लीजिए, जरनैल सिंह... गोओओओल!”

चेंडू जाळ्यात गेला होता. आणि देशभरच्या प्रेक्षकांनी ऐकलं की बेंचवर बसलेल्या तिसऱ्या गोलकीपरने गोल केला.

ग्रेवालांनी माझ्या पाठीत असा धपका घातला की ती अजून आठवण ठेवून आहे. यजमान जिंकले, शहर रस्त्यावर आलं, ढोल वाजायला लागले. पोवारांचा फोन लागत नव्हता. अरोडाने त्यांना तिथल्या तिथे काढलं असणार याबद्दल मला शंका नव्हती. मी तसं बोलून गेलो.

“काढू दे,” वहिनी म्हणाल्या. “नावं घेतली न्हवं? झालं तर.”

आणि त्या उठून चहा टाकायला गेल्या. मी मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ओट्याकडे तोंड करूनच त्यांनी सांगितलं.

“लगीन नवं हुतं आमचं. ह्यांच्या खात्याची टीम फायनलला गेली, आणि त्यो सामना टीव्हीवर दावणार हुते. आमच्या गल्लीत टीव्ही एकच, तालमीत ठेवल्याला. समदी पेठ गोळा झाली. आबा, म्हंजी आमचं सासरं, फेटा बांधून म्होरं बसलं. मी बायकांत मागं हुतो. हे बदली खेळाडू. आता उतरवतील, मग उतरवतील. शेवटपातूर उतरवलं न्हाई. कुणी नाव सुदिक घेतलं न्हाई. टीव्ही बंद झाला, कुणी हलंना. मग कुणी तर इचारलं, आबा, रघूचं नाव घेतलं काय हो? आबा म्हणालं, घेतलं की! दोनदा घेतलं. पर नेमकी तवाच लाईट गेली बघा.”

चहा उतू जायला आला होता. त्यांनी गॅस बारीक केला.

“लाईट कुठं गेलती भावजी? समदी तिथंच बसल्याली. पर आख्ख्या तालमीनं मान डोलावली. व्हय आबा, नेमकी तवाच गेली. हे गावाला आलं तवा ह्यास्नीबी आबांनी त्येच सांगिटलं. हे म्हणालं, व्हय आबा, घेतलं हुतं नाव. आबा गेलं तोवर समद्यांनी त्येच सांगिटलं.”

मी कपबशा काढून दिल्या.

पोवार संध्याकाळी परतले ते ग्रेवालांच्या खांद्यावरूनच घरात शिरले, कारण ग्रेवालांनी आणि गल्लीतल्या पोरांनी त्यांना जमिनीवर पाय टेकू दिला नव्हता. “कानात अरोडा बोंबलतंय, सर बेंच नहीं, बेंच नहीं! मी ते कानातलं काढलं आणि खिशात घातलं,” असं त्यांनी हसत हसत सगळ्यांना सांगितलं. पण हसणं ओठांवरच होतं. त्यांनाही वाटत होतं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरोडाचा फोन आला. मी शेजारीच होतो. ‘जरनैल का गोल’ रातोरात फोनाफोनांत पोचला होता. अरोडा कालच्यापेक्षाही नम्र झाला होता. पुढच्या मोसमाचा करार पक्का, शिक्षा आहे तशीच ठेवावी, आणि बेंचवरच्या नावांना तर प्रायोजकही मिळाला आहे, सोफे बनवणारी एक कंपनी. पोवारांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “नागपूर, तुमचं पळणं वाया गेलं बघा.” मी त्या क्षणी बागेला आणखी दहा फेऱ्या आनंदाने मारल्या असत्या.

त्यांचं बोलणं संपतंय तोच गेटपाशी ट्रॅक्टरची ट्रॉली येऊन थांबली. माणसांनी भरलेली ट्रॉली वाटेत ट्रॅफिक पोलिसांनी अडवली कशी नाही कोण जाणे. ट्रॉलीत पगडीवाली माणसं, बाया, एक ढोल. त्यांतून एक वाकलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा उतरला. त्याच्या हातात पिन्नीचा, म्हणजे पंजाबी लाडवांचा, डबा होता. तो जरनैल सिंगचा बाप होता. जरनैलने गोल केलेला नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि ट्रॉलीतल्या सगळ्यांनाही. फटाके मात्र त्यांनी काल गोल केल्यासारखेच वाजवले होते.

“पावर साब,” म्हातारा म्हणाला, “मुंडे दा नाँ लेया तुसीं. सारे पिंड ने सुणेया.” पोराचं नाव घेतलंत, अख्ख्या गावाने ऐकलं.

पोवारांनी डबा घेतला, वहिनींच्या हातात दिला, पुन्हा म्हाताऱ्याकडे वळले. मग अगदी हळू, घाबरत घाबरत त्यांनी विचारलं, “बाबाजी, बीच में लाइट तो नहीं गई थी?”

म्हातारा चक्रावला. ट्रॉलीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग तो दोन बोटं दाखवत ठासून म्हणाला, “ना जी, लाइट पूरी सी. दो वारी नाँ लेया तुसीं. दोवें वारी सुणेया.”

पोवारांनी त्याचे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मलाही नव्हतं.

“आबा,” ते मराठीत म्हणाले, “बसा. आत येऊन बसा.”

म्हाताऱ्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण तो आत आला आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीवर बसला.